लार्ज फॉरमॅटसाठी परवडणारी लेन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

४×५, म्हणजे चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर फोटो काढणारा लार्ज फॉरमॅट कॅमेरा हाती आला की आठवड्याभरात पुढचा प्रश्न येतोच: लेन्स कुठून आणू, आणि कितीत बसेल? हे प्रश्न मला फोनवर विचारले गेले, प्रदर्शनात विचारले गेले, एकदा तर लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याची वाटी हातात असताना विचारले गेले. उत्तरं तीच असतात, म्हणून एकदाची लिहून ठेवतो. मी व्यावसायिक नाही. स्वतःच्या पैशांनी चुका केलेला हौशी माणूस आहे, तेव्हा सल्ला त्या हिशेबानंच घ्या.

मुळात लार्ज फॉरमॅटची लेन्स स्वस्तात मिळते का?

मिळते. जाहिराती, कॅटलॉग, इमारती यांचे फोटो काढणारे व्यावसायिक २००० नंतरच्या काही वर्षांत डिजिटलकडे वळले आणि त्यांच्या कपाटांतलं सामान बाजारात आलं. निकॉननं २००६ साली या लेन्स बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे कोपाल या जपानी कंपनीनंही या लेन्समध्ये बसणारी आपली शटरं बनवणं थांबवलं. नवं काही येत नाही म्हटल्यावर जुनं महागायला हवं, आणि काही मोजक्या लेन्स महागल्याही. पण १५० मिमी एफ/५.६ (मिमी म्हणजे फोकल लेंग्थ, एफ म्हणजे छिद्र; एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) ही प्रत्येक स्टुडिओत एक तरी असायचीच, त्यामुळे ती अजून ढिगानं मिळते.

खरी मेख वेगळीच आहे. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात शटर कॅमेऱ्याच्या पोटात असतं. इथं कॅमेरा म्हणजे नुसती पेटी, लांबणारा-मिटणारा भाता आणि मागे चित्र बघून फोकस करायची घासलेली काच. शटर बसतं लेन्समध्ये, पुढच्या आणि मागच्या काचांच्या मधोमध. म्हणजे लेन्स घेताना तुम्ही दोन वस्तू घेत असता, आणि त्यातली काच स्वस्त असते, शटर महाग. तीच काच शटरविना पुष्कळदा निम्म्या भावात मिळते. एवढं ध्यानात आलं की खालची बरीचशी उत्तरं तुम्हीच द्याल.

पहिली लेन्स किती मिमीची घेऊ?

१५०. फार विचार करू नका.

करायचाच असेल तर एक सोपा हिशेब आहे: ४×५ चं फोकल लेंग्थ साडेतीननं भागलं की ३५ मिमीतला अंदाज येतो. १५० म्हणजे साधारण ४३, २१० म्हणजे ६०, ९० म्हणजे २६. माणसांचे फोटो जास्त काढणार असाल तर २१० पासून सुरुवात करायला हरकत नाही. फक्त आधी भाता किती लांबतो ते पट्टीनं मोजा. दूरच्या डोंगरासाठी २१० ला जवळजवळ २१ सेंटिमीटर भाता लागतो, आणि एखादी वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी फिल्मवर हवी असेल तर ४२. जुन्या घडीच्या कॅमेऱ्यांचे भाते इतके लांबत नाहीत.

१५० मिमीची लेन्स आहे म्हणजे ४×५ ला चालणारच ना?

नाही, आणि पहिले पैसे वाया जातात ते इथंच. १५० हा आकडा लेन्स किती जवळचं किंवा दूरचं दाखवते ते सांगतो. ती केवढा गोल उजळवते ते सांगत नाही. त्या गोलाला इमेज सर्कल म्हणतात. गोल ताटात चौकोनी वडी ठेवायची आहे असं समजा. वडीचे चारही कोपरे ताटात मावले पाहिजेत. ४×५ फिल्मच्या प्रत्यक्ष चित्राचा कर्ण सुमारे १५३ मिमी भरतो, ५×७ चा सुमारे २१०, ८×१० चा ३१२ च्या आसपास. ताट निदान एवढं तरी हवं. आणि लार्ज फॉरमॅट ज्यासाठी घ्यायचं ती मजा, म्हणजे लेन्स वर उचलणं, बाजूला सरकवणं, तिरकी करणं, यात वडी ताटात इकडेतिकडे सरकते. म्हणून ताट थोडं ऐसपैस असलेलं बरं. चांगल्या १५० मिमी एफ/५.६ लेन्सचं सर्कल २१० मिमीच्या घरात असतं.

लेन्स हातात असेल तर तपासणं सोपं आहे. घासलेल्या काचेचे कोपरे कापलेले असतील तर त्या कोपऱ्यातून एक डोळा मिटून लेन्सच्या छिद्राकडे पाहा. एफ/२२ ला छिद्र पूर्ण दिसलं तर कोपरा झाकला जातो. मांजराच्या डोळ्यासारखं दिसलं तर तिथं अंधार येणार.

तुम्ही नावं सांगा. गोलगोल बोलू नका.

बरं. श्नायडरची सिम्मार-एस, रोडेनस्टॉकची सिरोनार-एन, फुजीची फुजिनॉन-डब्ल्यू आणि निकॉनची निकॉर-डब्ल्यू. चारही १५० मिमी एफ/५.६, चारहींत सहा काचांची जवळपास सारखी रचना. यांपैकी कुठली चांगली यावर लोक रात्ररात्र वाद घालतात. एफ/२२ ला काढलेले फोटो समोर ठेवून कुठला कुणाचा ते ओळखायला सांगितलं तर तेच लोक चहा मागवतात. चारांपैकी जिचं शटर ठणठणीत आहे ती घ्या. परदेशी बाजारात साधारण १५० ते २५० डॉलरच्या दरम्यान बसते. हा आकडा इकडेतिकडे होतो, पण त्याच्या दुप्पट कुणी मागितले तर पुढे चला.

कॅल्टार हे नाव दिसलं तर थांबा. कॅलुमेट या अमेरिकी विक्रेत्यानं दुसऱ्यांनी बनवलेल्या लेन्स या नावानं विकल्या. कॅल्टार टू-एन म्हणजे रोडेनस्टॉकची सिरोनार-एनच. नावाला वलय नसल्यामुळे ती थोडी स्वस्त जाते. कॅल्टार टू-ई मात्र वेगळी: ती रोडेनस्टॉकची गेरोनार, तीन काचांची, हलकी. छिद्र लहान केलं की छान धारदार होते, पण ताट लहान, लेन्स फार सरकवता येत नाही. निसर्गचित्रांना पुरते.

याहूनही कमी पैशांत बसायचं असेल तर अमेरिकी वृत्तपत्र छायाचित्रकारांच्या ग्राफिक कॅमेऱ्यांवरच्या लेन्स पाहा: ग्राफ्लेक्स ऑप्टार १३५ मिमी एफ/४.७, श्नायडर झेनार १३५ मिमी एफ/४.७, कोडॅक एक्टार १२७ मिमी एफ/४.७. एक्टार मधोमध विलक्षण धारदार आहे, पण ४×५ ला ती अगदी काठोकाठ. सरकवायला जागा नाही.

माझी स्वतःची लाडकी कोडॅक एक्टार २०३ मिमी एफ/७.७. एवढीशी, खिशात मावते, ५×७ सुद्धा झाकते. एफ/७.७ मुळे घासलेल्या काचेवर चित्र अंधुक दिसतं, म्हणून लोक नाक मुरडतात, आणि म्हणूनच ती परवडते. या एक्टार लेन्सचं वय ओळखायची एक गंमत आहे. क्रमांकाच्या आधी दोन रोमन अक्षरं असतात. कोडॅकनं 'कॅमेरॉसिटी' या दहा अक्षरी शब्दाला १ ते ९ आणि शेवटी ० असे आकडे दिले होते: सी म्हणजे १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय ०. माझ्या लेन्सवर ई आणि ओ आहेत, म्हणजे ४ आणि ६, म्हणजे १९४६. स्वातंत्र्याहून एका वर्षानं मोठी.

एफ/५.६ आणि एफ/९ यांत भावाचा एवढा फरक, मग फोटोतही असेल ना?

नाही. फरक फोकस करताना जाणवतो. काढताना तुम्ही तसेही एफ/२२ वर असता. डोक्यावर जाड काळं कापड घ्या, अर्धा मिनिट डोळे अंधाराला सरावू द्या, एफ/९ वर निवांत फोकस होतो. संध्याकाळी घरात मात्र त्रास होतो, हे मान्य.

एकाच लेन्समध्ये दोन लेन्स, असं काही असतं म्हणे?

असतं. सिम्मार-एसच्या आधीची जी नुसती सिम्मार होती, ती कन्व्हर्टिबल. १५० मिमी एफ/५.६ च्या कड्यावर दुसरा आकडा कोरलेला असतो: २६५ मिमी एफ/१२. पुढची काच उघडून काढली की मागच्या काचेवर २६५ मिमी मिळतं. २१० ची ३७० होते. ऐकायला सौदा वाटतो. प्रत्यक्षात दुसऱ्या रूपात कडा मऊ येतात, भाता खूप लांबवावा लागतो आणि वाऱ्यावर कॅमेरा डुलतो. पोर्ट्रेटला तो मऊपणा शोभतो, एवढंच. पण पहिल्या रूपात ती उत्तम लेन्स आहे, आणि जुनी म्हणून तिच्या धाकट्या बहिणीपेक्षा स्वस्त. मी तर दुसऱ्या रूपाकडे दुर्लक्ष करूनच ती घ्या म्हणतो.

वाइड लेन्स स्वस्तात?

इथं मन घट्ट करा. वाइड म्हणजे छोट्या फोकल लेंग्थला मोठं ताट. ते बनवणं अवघड, म्हणून महाग. स्वस्त वाट एकच: श्नायडरची जुनी आंग्युलॉन ९० मिमी एफ/६.८. छोटी, बंद कॅमेऱ्यातही राहते. ४×५ जेमतेम झाकते, वर उचलायला वाव नाही, आणि एफ/२२ च्या आधी कोपऱ्यांकडे बघू नये. तिची मोठी बहीण सुपर-आंग्युलॉन ९० मिमी एफ/८ २१६ मिमीचं सर्कल देते आणि तेवढेच जास्त पैसे घेते. वाडे, देवळं, अरुंद बोळ काढणार असाल तर आंग्युलॉनवर समाधान मानू नका. कळस कापला जाईल आणि लेन्स वर सरकवता येणार नाही. थोडं थांबून एफ/८ वाली घ्या. एफ/५.६ वाली नको, ती धोंडा आहे.

शटर नसलेल्या लेन्स फार स्वस्त दिसतात. घ्याव्यात का?

हा माझा आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबेल.

ऑफसेट छपाईसाठी निगेटिव्ह करायला आणि त्याआधी जस्ताचे ब्लॉक करायला खोलीएवढे प्रोसेस कॅमेरे असत. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ब्लॉकमेकर होते, मोठ्या छापखान्यांत स्वतंत्र कॅमेरा विभाग असे. त्या कॅमेऱ्यांच्या तोंडावर जगातल्या उत्तमोत्तम लेन्स बसवलेल्या असत: रोडेनस्टॉकची अपो-रोनार, निकॉनची अपो-निकॉर, गोर्झची आर्टार, झाइस येनाची अपो-गेर्मिनार. संगणकावरून थेट प्लेट निघू लागली आणि हे कॅमेरे भंगारात गेले. लेन्स काही ठिकाणी लोखंडासकट तोलल्या गेल्या, काही ठिकाणी कुणीतरी काढून ठेवल्या. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी, मुंबईत चोरबाजारात त्या अजून अधूनमधून दिसतात. गंमत अशी की चोरबाजारात पितळेची चकाकी जेवढी जास्त तेवढा भाव, कारण ती लेन्स दिवाणखान्यात मिरवायला जाते. काळ्या नळीची अपो-रोनार तिच्या शेजारी धूळ खात पडलेली असते, आणि दुकानदाराला ती दुर्बिणीचा तुकडा वाटते. मला २४० मिमीची एक अशीच मिळाली. भाव सांगत नाही, दुकानदार वाचत असेल.

घेताना तीन गोष्टी पाहा. एक, लांबी. या लेन्स ३००, ३६०, ४८०, ६०० अशा असतात आणि ४×५ च्या भात्याला ३०० च्या पुढे झेपत नाही. दोन, विक्रेता सांगतो ते ताट. 'ही २० बाय २४ इंच झाकते' हे वाक्य खरं असतं, पण ते एकास एक नक्कल करतानाचं. तेव्हा घासलेली काच लेन्सपासून दुप्पट लांब असते, म्हणून ताटही दुप्पट. दूरच्या डोंगरावर फोकस केला की ते निम्मं होतं. ३०० मिमी अपो-रोनार दूरच्या दृश्याला ८×१० चे कोपरे पूर्ण झाकत नाही. ५×७ आणि ४×५ ला मात्र भरपूर. तीन, नळीवरची चीर. वेगवेगळ्या छिद्रांच्या पट्ट्या घालायला प्रोसेस लेन्सच्या नळीत अनेकदा एक फट असते. तिच्यातून उजेड शिरतो आणि सगळ्या निगेटिव्हवर धुरकट पट्टा येतो. काळी चिकटपट्टी गुंडाळा, काम झालं. मी हे चार शीट वाया घालवून शिकलो.

श्नायडरच्या जी-क्लारॉनही याच कुळातल्या. त्यांचा फायदा असा की त्यांतल्या बऱ्याच नळीतून काढून थेट कोपाल १ शटरमध्ये फिरवून बसवता येतात. आज नळीतली, म्हणजे बिनशटरची, घ्यायची, उद्या मोडक्या लेन्सचं चांगलं शटर मिळालं की त्यात बसवायची. फक्त शटरवरची छिद्राची पट्टी दुसऱ्या लेन्सची असते, तेव्हा आकडे नव्यानं काढायचे: फोकल लेंग्थ भागिले समोरून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास.

सोव्हिएत इंडस्टार-५१, २१० मिमी एफ/४.५, हीसुद्धा नळीतली आणि १३×१८ सेमीच्या काचेच्या प्लेटसाठी बनवलेली. दणकट, वजनदार, स्वस्त.

पण शटरविना फोटो काढायचा कसा?

लेन्सच्या टोपीनं. पूर्वी सगळे असेच काढत.

सवाल एवढाच की एक्स्पोजर माणसाच्या हाताला जमेल इतकं लांब हवं. आयएसओ १०० ची फिल्म, लख्ख ऊन: एफ/१६ ला १/१०० सेकंद, म्हणजे एफ/४५ ला सुमारे १/१२. हाताला अशक्य. पण सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड सहा वेळा निम्मा करणारी गडद काच, लावला की तेच ५ सेकंद होतात. किंवा फिल्म सोडा, डार्करूमचा ब्रोमाइड कागद होल्डरमध्ये घाला. त्याचा वेग आयएसओ ६ च्या आसपास धरला तर त्याच उन्हात एफ/४५ ला सव्वा सेकंद येतो. एक सेकंदाच्या कामात हात पाव सेकंद चुकला तर एक तृतीयांश स्टॉपचा फरक पडतो, जो कुणाला दिसत नाही. टोपी आधी काढून लेन्ससमोर धरून ठेवायची, कॅमेऱ्याची थरथर थांबू द्यायची, मग बाजूला करायची, मनात मोजायचं आणि परत समोर आणायची. लेन्सला घासू नका.

माणसं, गुरं, वाऱ्यातली झाडं हवी असतील तर स्पीड ग्राफिक कॅमेरा शोधा. त्याच्या पाठीत पडद्याचं शटर आहे, १/१००० पर्यंत जातं, आणि समोर कुठलीही बिनशटरची लेन्स चालते. दिसायला तसाच असलेल्या क्राउन ग्राफिकमध्ये ते नसतं. खरेदीआधी नीट विचारा, कारण विकणाऱ्यालाही फरक ठाऊक असतोच असं नाही.

विकणाऱ्याला काय विचारायचं?

मी एकदा फक्त काचेबद्दल विचारलं. 'मिंट, बुरशी नाही, ओरखडा नाही.' सगळं खरं होतं. शटर १ सेकंदावर उघडलं ते बंदच झालं नाही. शटरबद्दल मी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं.

म्हणून आता आधी शटर. १ सेकंद, १/२, १/४, १/८ या वेगांवर चालवून आवाजासकट व्हिडिओ मागवा. हळू वेगच का, तर लार्ज फॉरमॅटमध्ये तुम्ही १ सेकंद ते १/३० याच पट्ट्यात राहता. १/४०० कधी लागत नाही. आणि जुन्या शटरचं वंगण घट्ट झालं की सर्वांत आधी बिघडतात ते हळू वेगच. म्हणजे जे लागतं तेच आजारी. 'वरचे वेग अचूक आहेत' या वाक्याला काही किंमत नाही.

मग काच. लेन्सच्या मागून टॉर्च मारून काढलेला फोटो मागवा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. धूर साचल्यासारखं दिसलं तर हेझ, जो बऱ्याचदा काच उघडून पुसता येतो. कडेला इंद्रधनुषी डाग म्हणजे दोन काचांमधला चिकटवलेला थर सुटतोय. कडेला थोडा असेल तर चालतो, पण भाव पाडून घ्या. श्नायडरच्या लेन्समध्ये काचेच्या कडेच्या काळ्या रंगाला पांढरे ठिपके पडतात. ते भयंकर दिसतात आणि चित्रावर त्यांचा परिणाम जवळजवळ होत नाही. अशा लेन्सला लोक घाबरतात, तुम्ही घ्या. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा निरुपद्रवी असतो, मागच्या काचेवरचा जास्त त्रास देतो. कपचा उडाला असेल तर तेवढा खड्डा काळ्या शाईनं भरून टाका, त्यातून उजेड विखुरत नाही.

आणि शेवटी, मागची रिंग आहे का? लेन्स बोर्डाला, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढच्या फळीला, आवळणारी ही चकती विकणारे हमखास विसरतात. ती वेगळी शोधायला निघालात की काय मनस्ताप होतो तो मला विचारा.

शटर अडकलंय. तेल सोडू का?

नको! तेल पात्यांवर पसरतं, पाती एकमेकांना चिकटतात आणि मग खरंच काम वाढतं. आधी नुसतं पंचवीस-तीस वेळा चालवून पाहा. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं शटर तेवढ्यानंही मोकळं होतं. नाही झालं तर जुना कॅमेरा मेकॅनिक गाठा, आणि तोही नसेल तर हातघड्याळं उघडणारा एखादा शांत माणूस. आतली चाकं घड्याळासारखीच असतात. जुन्या कॉम्पूर शटरचा सर्वांत वरचा वेग शटर ताणण्याआधी लावायचा, नंतर नाही. नंतर जबरदस्ती केली की स्प्रिंग दुखावते.

एकसारखं संथ असलेलं शटर दुरुस्त करायचीही गरज नाही. फोनवर स्लो-मोशन व्हिडिओ काढून खरा वेग मोजा आणि बोर्डाच्या पाठीला कागद चिकटवून लिहून ठेवा: '१/३० म्हणजे १/२०'.

आजोबांच्या स्टुडिओतला लाकडी कॅमेरा घरात आहे. त्याचीच लेन्स चालेल?

बहुतेक चालेल, आणि आधी ती वापरूनच पाहा. तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंत हाफ प्लेट आणि फुल प्लेट या काचेच्या प्लेटच्या जुन्या मापांचे लाकडी कॅमेरे होते. काही परदेशी, काही देशी. केरळात आलप्पुळ्याला बनलेला वागीश्वरी त्यांतला नामांकित. पितळी नळी असेल तर रॅपिड रेक्टिलिनियर असण्याची शक्यता बरीच. हा प्रकार १८६६ चा, एफ/८ च्या आसपास उघडणारा, आणि बारीक छिद्राला आजही लाजवणारं चित्र देतो. काचेवर कोटिंग नसतं, म्हणून सूर्य समोर घेऊ नका.

तिच्यावरचे आकडे जपून वाचा. ४, ८, १६, ३२, ६४, १२८ अशी रांग दिसली तर ती जुनी यूएस (युनिफॉर्म सिस्टिम) पद्धत आहे. तिच्यात १६ म्हणजे आपलं एफ/१६ च, पण ४ म्हणजे एफ/८ आणि ६४ म्हणजे एफ/३२. एका मित्राची सगळी निगेटिव्ह काळी ठिक्कर येत होती, दोष तो डेव्हलपरला देत होता. शेवटी कळलं की हे आकडे तो एफचे समजत होता.

एनलार्जरची लेन्स?

डार्करूममध्ये सापडणारी ५० किंवा ७५ मिमीची नको, ती ४×५ झाकत नाही. १५० मिमीची कॉम्पोनॉन किंवा रोडागॉन मिळाली तर खुशाल वापरा. जवळच्या वस्तूंना सुंदर, दूरच्याला एफ/२२ ला ठीक. शटर नाही. छिद्राचा आकडा अंधारात दिसावा म्हणून काहींना प्रकाशाची खिडकी असते, ती झाका.

काहीच पैसे नाहीत.

चष्म्याच्या दुकानातून +५ ची काच आणा. ५ डायॉप्टर म्हणजे २०० मिमी. पोकळ बाजू दृश्याकडे, तिच्या थोडं पुढे काळ्या पुठ्ठ्यात ९ मिमीचं भोक, झाली एफ/२२ ची लेन्स. कडा स्वप्नासारख्या येतात. कागद वापरत असाल तर फोकस झाल्यावर भाता किंचित मिटवा, कारण कागद फक्त निळा उजेड बघतो आणि अशा साध्या काचेत निळा थोडा अलीकडे गोळा होतो.

तीही नको असेल तर थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याला अर्ध्या मिमीचं सुईभोक पाडा. १५० मिमीवर ते एफ/३०० होतं, भर उन्हात कागदाला साधारण मिनिटभर.

परदेशातून मागवताना काय?

किमतीत टपालखर्च, कस्टम ड्युटी आणि कुरिअरवाल्यांचा कागदपत्रांचा आकार धरूनच आकडा मांडा. २०० डॉलरची लेन्स दारात येईतो २०० ची राहत नाही. म्हणून इथंच कुणी दहा-पंधरा टक्के जास्त मागत असेल आणि लेन्स हातात घेऊन बघता येत असेल, तर मी इथलीच घेतो. १५० मिमीची लेन्स पाव किलोच्या आत-बाहेर भरते. बहुतेक मराठी घरांतलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत असतंच, आणि चितळ्यांची बाकरवडी तिकडे जाते तर परतीच्या बॅगेत जागा असतेच. नियम काय आहेत ते मात्र त्यांनी आधी बघून घ्यावं.

बोर्डाचं भोक केवढं?

कोपाल ० ला ३४.६ मिमी, कोपाल १ ला ४१.६, कोपाल ३ ला ६५. बोर्ड तुमच्या कॅमेऱ्याचाच हवा. लिनहॉफचा ९६×९९ मिमी सर्वांत जास्त चालतो. सुताराकडून तीन मिमी प्लायवूडचा करून घेतला तरी चालतो, आतून मॅट काळा रंग द्या.

पावसाळ्यात लेन्स कशी सांभाळू?

चामड्याच्या किंवा कापडी पेटीत अजिबात ठेवू नका, बुरशीचं माहेर ते. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत डब्यात. कोकणात असाल तर डब्यात छोटा आर्द्रतामापकही ठेवा. आणि जून ते सप्टेंबर लेन्स वापरत राहा. रोज हाताळली जाणारी लेन्स बुरशीला सहसा सापडत नाही.

८×१० साठी काही परवडेल का?

लेन्स परवडेल, फिल्म परवडणार नाही. म्हणून बरेच जण एक्स-रे फिल्मवर येतात. ती लाल दिव्यात हाताळता येते, पण दोन्ही बाजूंना थर असल्यामुळे नखानंही ओरखडते.

लेन्समध्ये फुजिनॉन-डब्ल्यू २५० मिमी एफ/६.७ शोधा. आणि जुनी २१० मिमी एफ/५.६ फुजिनॉन-डब्ल्यू, जिची अक्षरं पुढच्या काचेभोवती आतल्या बाजूला कोरलेली आहेत. तिचं सर्कल ३५२ मिमी, म्हणजे ८×१० झाकून वर थोडं उरतं. नंतरच्या, बाहेरून अक्षरं असलेल्या २१० ला हे जमत नाही, आणि गंमत म्हणजे भाव त्या नव्याचाच जास्त. नळीतली चालत असेल तर इंडस्टार-३७, ३०० मिमी एफ/४.५, १८×२४ सेमीसाठी बनलेली. ती बसवण्याआधी पुढचा लाकडी सांगाडा हलवून बघा. ढिला असेल तर लेन्सच्या वजनानं हळूहळू खाली वाकतो आणि फोकस तुमच्या डोळ्यांदेखत सरकतो. मी खाली बांबूची काडी टेकवतो.